लिननऐवजी पर्ल कॉटन 12: टॉर्शन लेससाठी कसा आहे?

बॉबिन लेस म्हणजे छोट्या काड्यांवर (बॉबिनवर) गुंडाळलेले धागे टाचण्यांभोवती एकमेकांत गुंफून केलेली लेस, आणि टॉर्शन हा तिचा साधा, भौमितिक नक्षीचा प्रकार. तिच्या जुन्या पॅटर्नवर बहुतेक वेळा लिननचा धागा सांगितलेला असतो आणि नेमका तोच हाताशी नसतो. अशा वेळी मी पर्ल कॉटनचा, म्हणजे चमकदार पिळाच्या सुती धाग्याचा, 12 नंबर घेते. टॉर्शनसाठी तो मला मनापासून आवडतो.

फक्त नंबराला नंबर जुळवायला जाऊ नका. लिननचा 40/2 (40 नंबरचा, दोन पदरी) आणि पर्लचा 12 हे आकडे वेगवेगळ्या पद्धतींतले आहेत. डी.एम.सी. कंपनीच्या 12 नंबरच्या 10 ग्रॅमच्या गोळ्यात साधारण 120 मीटर धागा असतो, म्हणजे ग्रॅमला 12 मीटर. 40/2 लिननचा हिशेब केला तर तोही ग्रॅमला 12 मीटरच्या आसपास येतो. वजनाला जोडी जमली, तरी पर्लचा पीळ सैल असल्याने तो विणीत जास्त जागा घेतो.

म्हणून खरं माप वेढ्यांचं. पट्टीवर धागा गुंडाळायचा, वेढे एकमेकांना टेकलेले पण चढलेले नाहीत, धागा ताणायचा नाही, आणि 1 सेंटीमीटरमध्ये किती बसले ते मोजायचं. मी 2 सेंटीमीटर भरून निम्मं करते, चूक कमी होते. पॅटर्नच्या धाग्याचे 20 वेढे आणि आपल्या धाग्याचे 16 भरले, तर 20 भागिले 16, म्हणजे पॅटर्नची झेरॉक्स 125 टक्क्यांवर काढायची. पॅटर्न पर्ल 8 साठी असेल आणि 12 वापरायचा असेल, तर माझ्या हाताने तो साधारण 80 टक्क्यांवर नीट बसतो. पॅटर्न न बदलता नुसता धागा बदलला, तर जाड धाग्याने वीण गच्च होते आणि बारीक धाग्याने विरळ, लोळागोळा.

आता धागा कसा वागतो ते. क्लॉथ स्टिचमध्ये (कापडासारख्या दाट विणीत) पर्ल अप्रतिम दिसतो. मर्सराइज्ड (चमकेसाठी प्रक्रिया केलेला) असल्यामुळे चमक आहे, आणि पंख्याच्या नक्षीत धागा वळण घेतो तिथे ती चमक जागा बदलते. कोळी नावाच्या नक्षीचे पाय व्यवस्थित सुटे राहतात. हाफ स्टिचमध्ये (मोकळ्या जाळीदार विणीत) मात्र मला तो पसंत नाही. फुगीरपणामुळे जाळी भरल्यासारखी होते. लिननचा करकरीतपणाही त्यात नाही, त्यामुळे टाचण्या काढल्यावर लेस मऊ पडते. गळपट्टीला हे चालतं, ताठ काठ हवा असेल तर लिननच शोधा.

पीळ सांभाळावा लागतो. पर्ल दोन पदरी आहे. बॉबिन लोंबकळत ठेवली की गिरक्या घेते आणि पदर उकलायला लागतात. हातात बॉबिन लाटून काम करणाऱ्यांनी आपण कुठल्या दिशेला लाटतो ते बघावं, एका दिशेने पीळ वाढतो, दुसऱ्या दिशेने जातो. वीण उसवताना टाचणी दोन पदरांच्या मधून घुसते, तेव्हा हात हलका ठेवा.

बारीक जाळीच्या बक्स पॉइंट लेससाठी मूळ धागा म्हणून 12 नंबर फार जाड आहे, तिथे तो घेऊ नका. पण गिंप, म्हणजे नक्षीला कड देणारा जाड धागा, म्हणून जरूर बघा. मंद लिननच्या टॉर्शनमध्ये पर्ल 8 चा किंवा 5 चा चमकदार गिंप घातला की नक्षीची कड लांबूनही ओळखू येते.

टॉर्शन शिकणाऱ्यांना आणि रंगीत काम करणाऱ्यांना मी डोळे झाकून हा धागा सुचवेन. इतके रंग लिननमध्ये मिळणं कठीण.