आयडीएम की आरिया-२? अर्ध्यावर अडकलेल्या डाउनलोडचा अनुभव

विंडोजच्या संगणकावर मी इंटरनेट डाउनलोड मॅनेजर, म्हणजे आयडीएम, आणि आज्ञा टाइप करून चालवायचे आरिया-२ ही मोठ्या फाइली उतरवण्याची दोन्ही साधने बराच काळ आलटून-पालटून वापरली आहेत, आणि निदान माझ्या घरच्या कनेक्शनवर तरी वेगाच्या बाबतीत मला त्यांच्यात डावे-उजवे करता आलेले नाही. आयडीएम एका फाइलचे तुकडे एकाच वेळी उतरवण्यासाठी ३२ पर्यंत कनेक्शन उघडू देते, आरिया-२ एका सर्व्हरमागे १६ पर्यंत. मात्र आरिया-२ मध्ये हा आकडा मुळात १ असतो आणि तो आपण वाढवावा लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे काही जण त्याला उगाच संथ ठरवतात.

आरिया-२ विषयी मला मनापासून आदर आहे. ते मुक्त स्रोत आहे, लिनक्स आणि मॅकवरही चालते, आणि एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) आधी दिला तर उतरलेली फाइल स्वतःच तपासून देते.

माझा निर्णय झाला तो मुदतीच्या लिंकमुळे. एका संकेतस्थळावरून सात जीबीची फाइल उतरवत असताना रात्री वीज गेली आणि सकाळी पाहिले तेव्हा लिंकची मुदत संपलेली होती. अशा पत्त्यातच वेळेची मर्यादा गुंफलेली असते, त्यामुळे ‘पुन्हा सुरू करा’ म्हटले की सर्व्हर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असे दाखवून परत पाठवतो. आरिया-२ मध्ये यावर उपाय आहे: नवी लिंक मिळवायची, फाइलचे नाव तेच ठेवायचे, शेजारची नोंदीची छोटी फाइल जागेवर असू द्यायची आणि पुढे चालू ठेवण्याचा पर्याय देऊन आज्ञा पुन्हा चालवायची. पण संकेतस्थळ लॉगिन मागणारे असेल, तर ब्राउझरमधल्या कुकीजही (लॉगिन झाल्याची खूण सांभाळणाऱ्या नोंदी) हाताने पुरवाव्या लागतात, आणि ८८ टक्क्यांवर अडकलेल्या फाइलसाठी सकाळच्या घाईत हे करणे मला फार जिकिरीचे वाटते. आयडीएममध्ये त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘रिफ्रेश डाउनलोड अ‍ॅड्रेस’ निवडले, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर डाउनलोडचे बटण पुन्हा दाबले, की नवा पत्ता ते स्वतः टिपून घेते. माझी पट्टी ८८ वरूनच पुढे सरकली.

आयडीएमला ३० दिवसांनंतर पैसे मोजावे लागतात, आणि ते फक्त विंडोजवर चालते. शिवाय ते तुकडे वेगळ्या फोल्डरात साठवून शेवटी जोडते, त्यामुळे मोठ्या फाइलसाठी डिस्कवर जवळपास दुप्पट जागा मोकळी हवी. ते फोल्डर सी ड्राइव्हवरून हलवून ठेवणे बरे. परवाना फोडलेली आवृत्ती मात्र कृपया घेऊ नये, तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका खरा आहे.

लिनक्स वापरणाऱ्याने, किंवा एकाच वेळी शेकडो लिंकची यादी उतरवणाऱ्याने, आरिया-२ घ्यावे असेच मी म्हणेन. विंडोजवर लॉगिनच्या आडून मोठ्या फाइली घेणाऱ्याला, माझ्या अनुभवापुरते, आयडीएमचे पैसे वसूल होतात. चाचणीच्या ३० दिवसांत एखादे मुदतीचे डाउनलोड मुद्दाम अर्ध्यावर थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करून पाहावे.