द क्लॅश: १९७७चा अल्बम की ‘लंडन कॉलिंग’?

पंक रॉकची, म्हणजे १९७०च्या दशकातल्या वेगवान, बंडखोर रॉक संगीताची, ओळख एकाच रेकॉर्डने करून घ्यायची असेल, तर ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडचा स्वतःच्याच नावाचा पहिला अल्बम घ्यावा की १९७९चा ‘लंडन कॉलिंग’, असा पेच अनेकांना पडतो.

पहिला अल्बम १४ गाण्यांचा, सुमारे ३५ मिनिटांचा आहे. ‘लंडन कॉलिंग’मध्ये १९ गाणी आहेत, आणि हा दुहेरी (दोन रेकॉर्डचा) अल्बम असूनही ब्रिटनमध्ये तो एका अल्बमच्या किमतीत विकला गेला.

खरा फरक आवाजात आहे. पहिल्या अल्बमवर गिटार करवतीसारखी चालते, गायक जो स्ट्रमरचे शब्द अर्धे गिळलेले ऐकू येतात आणि बेकारीने गांजलेल्या तरुणांचा संताप त्या घाईतूनच पोचतो. मात्र जमैकन गायक ज्युनियर मर्विनचे, बँडने आपल्या ढंगात गायलेले रेगे (जमैकातली संथ ठेक्याची शैली) गाणे ‘पोलीस अँड थीव्ज’ सहा मिनिटे रेंगाळते आणि बँडच्या पुढच्या वाटेची चाहूल तिथेच लागते. ‘लंडन कॉलिंग’मध्ये रेगे, स्का (जमैकाचीच जलद ठेक्याची शैली), रॉकाबिली (कंट्री संगीताचा बाज असलेले सुरुवातीचे रॉक अँड रोल) सहज नांदतात. बास गिटारवादक पॉल सिमननने स्वतः गायलेल्या ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’मध्ये तर सारे गाणे बास गिटारच्या सुरावटीवर उभे आहे, आणि माझ्या मते अल्बमचा कळस तोच.

पंकची मूळ धार अनुभवायची असेल, त्याने पहिला अल्बम घ्यावा, पण ब्रिटिश आवृत्तीच. १९७९च्या अमेरिकी आवृत्तीत काही गाणी वगळून नंतरची घातल्याने त्याची सलगता तुटते. वर्षानुवर्षे ऐकता येईल असा सोबती हवा असेल, त्याने ‘लंडन कॉलिंग’ निवडावा.