विलोची बॅट की अ‍ॅल्युमिनियमची?

विलो या झाडाच्या लाकडाच्या बॅटवर चेंडू बरोबर मधोमध बसला, की भरीव ‘टक्’ येतो आणि हाताला काही कळतही नाही. त्या जागी लागलेल्या चेंडूने बॅट फारशी थरथरत नाही. टोकाशी लागला, की मनगटापर्यंत झिणझिण्या! वेताच्या दांड्यातल्या रबराच्या पट्ट्या त्यातली थोडी थरथर जिरवतात.

धातूची बॅट पोकळ. तिचं पातळ कवचच कंप पावतं, म्हणून ‘टण्ण’ घुमत राहतं. टिकेल कदाचित जास्त, पण माझ्या कानाला तो आवाज भांड्याचाच वाटतो.

डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ कसोटीत ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली अशीच अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो, अशी इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्लीची तक्रार. लिलीने बॅट रागाने भिरकावली. पुढे नियमच झाला: पातं लाकडाचंच हवं.