ई-एससीआर : फाशीचे निकाल मुळातून वाचण्यासाठी

जादूटोण्याच्या संशयावरून गावात होणाऱ्या हत्यांच्या बातम्या आरोपींच्या अटकेपाशी थांबतात; पुढे पुरावा कसा टिकला आणि शिक्षा कोणत्या कारणाने ठरली, हे समजून घ्यायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाची २०२३ मध्ये सुरू झालेली ई-एससीआर ही विनामूल्य निकालसेवा मला अत्यंत मोलाची वाटते.

फाशीला ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी लावणारा १९८० चा बच्चनसिंग निकाल आधी वाचावा. त्यानंतर झारखंडमधील नऊ वर्षांच्या मुलाच्या नरबळीचा डिसेंबर २००३ चा निकाल उघडावा. अंधश्रद्धेचा कितीही रंग दिला, तरी निष्पाप, असहाय मुलाच्या हत्येचे पाप धुतले जात नाही, अशा आशयाचे शब्द वापरून न्यायालयाने त्यात फाशी कायम केली. पुढे २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली. फाशीच्या विरोधात असणाऱ्यांनीही हा युक्तिवाद मुळातूनच वाचावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत, मात्र अर्थ लावताना इंग्रजी मूळच प्रमाण मानावे. सत्र न्यायालयांचे निकाल येथे नसतात. सत्र न्यायालयाने दिलेल्या फाशीला उच्च न्यायालयाची पुष्टी लागते आणि अनेक खटले तिथेच संपतात, त्यामुळे साक्षीदार आणि पीडित कुटुंबांची बाजू शोधणाऱ्याला खालच्या न्यायालयांची कागदपत्रे वेगळी पाहावी लागतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कमाल शिक्षा सात वर्षांची आहे, म्हणून हत्येचा खटला खुनाच्या कलमाखालीच चालतो. वकील आणि कार्यकर्त्यांनी शोध घेताना हे ध्यानात ठेवावे.