अँकी : शब्द विसरण्याच्या बेतात असताना आठवण देणारे साधन

२००६ साली आलेले 'अँकी' हे सॉफ्टवेअर प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहासाठी वापरताना त्याचे खरे बळ उजळणीच्या वेळापत्रकात असल्याचे लक्षात येते. पक्का झालेला शब्द ते काही आठवड्यांनी, तर चुकलेला काही मिनिटांतच पुन्हा समोर ठेवते. मात्र इतरांनी तयार केलेल्या कार्डांवर (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणे आणि 'मिलिटेट' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणे, हा भेद नुसता अर्थ घोकून टिकत नाही. दुसऱ्या शब्दापुढे 'अगेन्स्ट' येते हे दाखवणारे वाक्य स्वतः लिहावे लागते. अँकीचे रूप रुक्षच आहे. संगणकावर व अँड्रॉइडवर ते मोफत मिळते, आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. रोज दहाच नवे शब्द घ्यावेत, अन्यथा उजळणीचा डोंगर साचतो.