कान्साई विमानतळाहून ओसाका: नान्काई की जेआर?

नान्काई आणि जेआर या दोन रेल्वे कंपन्या. दोन्हींच्या गाड्या विमानतळाच्या एकाच स्टेशनातून सुटतात, गेट शेजारीशेजारी. इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड दोन्हीकडे चालतं, म्हणून कार्ड टेकवण्याआधी पाटी वाचा.

नान्काईची एअरपोर्ट एक्सप्रेस ९७० येनमध्ये, साधारण ४५ मिनिटांत ओसाकातल्या नाम्बाला सोडते. बाकडी लांबलचक, बॅगा पायाशी. रापीत या नान्काईच्याच जलद गाडीला जास्तीचे पैसे द्यायचे आणि वाचणार जेमतेम सात-आठ मिनिटं!

जेआरची कान्कू रॅपिड ओसाका स्टेशनला तासाभराहून थोडी जास्त घेते, भाडं १२०० येनच्या आसपास. परतताना मात्र सावध: हिनेनो स्टेशनात गाडीचे दोन भाग होतात. डबे १ ते ४ विमानतळाला, ५ ते ८ वाकायामाला.

नाम्बा-शिन्साईबाशीत हॉटेल असेल तर नान्काई. तेन्नोजी किंवा उमेदा (ओसाका स्टेशनचा परिसर) असेल तर जेआर. क्योतोला जायचं असेल तर जेआरची थेट गाडी हारुका.