अटकळ की सट्टा?

‘स्पेक्युलेशन’ दिसलं की माझं पेन अजूनही घटकाभर अडतं. गोव्यातल्या फोंड्यात बसून इंग्रजी कागद मराठीत आणायचं काम करतो, त्यामुळे हा शब्द आठवड्यातून एकदा तरी भेटतोच. तुम्हीही असंच काही करत असाल, तर निवड शेवटी दोन शब्दांत होते: अटकळ आणि सट्टा. अंदाज, अदमास, कयास ही मंडळी चांगली आहेत, पण त्यांच्यात पैसा गुंतलेला नसतो. ‘तर्कवितर्कांना उधाण’ राजकारणाच्या बातमीला सोडून द्यावं. जुलै २०१९ मध्ये गोव्यातल्या दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदारांनी पक्ष बदलले, तेव्हा ते उधाण आपण पोटभर वाचलंय.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन. ‘स्पेकुला’ म्हणजे टेहळणीचा बुरूज. आग्वाद किल्ल्याच्या तटावरून समुद्राकडे डोळे लावून बसणारा पहारेकरी जे करत असेल, ते. या दूरवर बघण्याचा पुढे तर्क झाला आणि अठराव्या शतकात व्यापाऱ्यांनी त्या तर्कावर पैसे लावले. त्यामुळे इंग्रजीत एकाच शब्दात डोळेही आहेत आणि खिसाही. मराठीत त्यांची फारकत झालीय.

सट्ट्याची बाजू कमकुवत नाही. शेअर बाजारात तो रुळलेला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यानं कलम ४३(५) मध्ये या व्यवहाराची व्याख्या केली: माल किंवा शेअर प्रत्यक्ष न देता-घेता मिटवलेला सौदा. त्यातला तोटा त्याच प्रकारच्या नफ्यातून वळता करायचा, इतर धंद्याच्या नफ्यातून नाही. असल्या कागदात मी निमूटपणे सट्टाच लिहितो.

माझं बिनसलं ते जमिनीवरून. काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेसाठी टिपण मराठीत करून दिलं. बाहेरच्यांनी बागायती जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. पिकवायच्या नाहीत, घर बांधायचं नाही, झोन, म्हणजे जमिनीचा सरकारदरबारी ठरलेला वापर, बदलला की विकायच्या. मी लिहिलं, ‘सट्ट्यासाठी केलेली खरेदी’. टिपण वाचून होतंय तोच मागून एका वयस्क बाबांनी विचारलं, “जमनीचेर मटको खेळटात व्हय रे?” सभा हसली. आणि पुढची पंधरा मिनिटं गावातला आकडा कोण घेतो यावर गेली.

चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे सट्टा म्हटलं की आयपीएलच्या दिवसांतला छापा आठवतो, जप्त केलेले मोबाइल आठवतात. मटक्याचा जन्मही अशाच सौद्याच्या कडेला झालेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद भावावर मुंबईत पैजा लागायच्या, चिठ्ठ्या आणि मडकं नंतर आलं. पण आमच्या त्या खरेदीदारांनी रीतसर विक्रीखत केलं होतं. माझ्या एका शब्दानं त्यांना जुगारी करून टाकलं आणि झोनबदलाचा खरा प्रश्न बाजूला पडला.

तेव्हापासून मी लिहितो, ‘भाव चढेल या अटकळीवर घेतलेली जमीन’. कुणी मटका काढलेला नाही. यात त्या ‘वर’ची करामत जास्त असावी: अटकळ नुसती बांधली तर तर्क राहतो, तिच्यावर काही घेतलं की जोखीम झाली. सट्टा मात्र लावतात किंवा खेळतात. क्रियापद बघूनच वाचक निकाल देऊन मोकळा होतो.

अटकळीतही उणं आहेच. ती जरा सौम्य पडते, बुडण्याची धास्ती तिच्यात फारशी नाही. शिवाय माणसासाठी ‘सट्टेबाज’ तयार मिळतो, ‘अटकळबाज’ मात्र ओढूनताणून वाटतो. तुमचा वाचक डीमॅट खातं असलेला असेल, तर माझं म्हणणं कदाचित गैरलागू ठरेल.

परवाच बंद पडून राहिलेल्या फ्लॅटांवरचा एक कागद आला. आधी ‘सट्टेबाज मागणी’ लिहिलं, मग खोडलं. ‘राहण्यासाठी नव्हे, तर भाव चढेल या अटकळीवर होणारी मागणी’ असं केलं. दोन शब्दांचे नऊ झाले. मी शब्दामागे पैसे घेतो, तेव्हा लांबीबाबतचं माझं मत तेवढं बेतानंच घ्या.